पेट्रोलचा धीर

गुरुवारी दुपारी माझ्या मुलीच्या गाडीचं इंजिन ओरडलं नाही, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवेना.

ओरडायला हवं होतं. वेगवान गाड्यांची इंजिनं जुळवणं हा माझा चौतीस वर्षांचा धंदा, आणि या धंद्यात इंजिन कुठे ना कुठे ओरडतंच. ते नेमकं कुठे ओरडतं हे शोधायचं आणि तिथून दोन पावलं मागे यायचं, एवढंच आमचं काम. बाकी सगळा लॅपटॉप आणि बढाया.

हे जरा नीट सांगतो, कारण लोकांना वाटतं टाकीत भारी पेट्रोल ओतलं की गाडी आपोआप पळते. तसं नसतं. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा दाबली जाते, प्लगची ठिणगी पडते, आणि आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. पण दाब फार झाला की कोपऱ्यातल्या पेट्रोलला दम निघत नाही. आग पोचायची वाट न बघता ते आपणहून भडकतं आणि पिस्टनच्या टाळक्यात हातोडा बसावा तसा तडाखा बसतो. असे तडाखे बसत राहिले की पिस्टन जातो. ऑक्टेन म्हणजे दुसरं काही नाही, पेट्रोलचा धीर. धीर जास्त असेल तर ठिणगी जरा आधी पाडता येते, आणि आधी पाडली की ताकद वाढते. पंपावरच्या पेट्रोलला तेवढा धीर नसतो, म्हणून आम्ही टाकीत बूस्टरची बाटली ओततो. माझी बायको म्हणते, असलं औषध माणसांसाठी निघालं तर पहिली बाटली तुमच्या चहात. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मी कधी नाकारलेलं नाही.

तर तो ओरडण्याचा आवाज पकडणं हे माझं खास काम. तांब्याची एक नळी, तिचं एक टोक चेपून इंजिनाला बोल्टने बसवलेलं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी, आणि ती दोन्ही कान झाकणाऱ्या जुन्या कानटोपात, म्हणजे हेडफोनसारख्या वाट्यांत, गेलेली. नव्या पिढीचे लोक या कामाला सेन्सर वापरतात. आमच्या गाडीतही सेन्सर होता, पण तो ऊठसूट कुरकुर करायचा. आतले पिस्टन मजबूत बनावटीचे, ते मुळातच खडखडतात, आणि हा त्या खडखडीलाच घाबरतो असं म्हणून मी त्याला दीड वर्षापूर्वी बंद करून टाकला होता. धंद्यातले लोक मला कानसेन म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि मला ते आवडतं.

गुरुवारी शेवटची जुळवणी होती. गाडी रोलरांवर, पट्ट्यांनी चारी बाजूंनी बांधलेली. तिथे चाकं जागच्या जागी फिरतात आणि इंजिनाची ताकद पडद्यावर उमटते. लेक सीटवर, मी बाहेर बाजूला स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप आणि डोक्यावर कानटोप. बाटली मी स्वतः मोजून ओतली होती. आम्ही ठिणगी एकेक अंशाने पुढे नेत गेलो, म्हणजे दर वेळी जराशी आधी पाडत. वीस अंशांना शांत, एकविसाला शांत. दर वर्षी बाविसाच्या आसपास नळीतून तो आवाज यायचा, पत्र्याच्या डब्यात कुणी खडे टाकावेत तसा. मी हात वर करायचो आणि ती पाय काढायची. या वेळी बाविसाला काही नाही. तेविसाला काही नाही. चोविसालाही नाही.

लेकीने काच खाली केली आणि विचारलं, "आवाज ठीक आहे ना?"

"गातंय," मी म्हटलं.

ती हसली, हेल्मेट काढून केस सोडले आणि कामावर गेली. आठवडाभर ती एका दवाखान्यात लोकांचे गुडघे सरळ करते आणि रविवारी डोंगराच्या रस्त्यावर गाडी पळवते. एकेक गाडी सोडतात, घड्याळाशी शर्यत. या रविवारी मोसमातली शेवटची फेरी होती आणि चार वर्षांत पहिल्यांदा ती सगळ्यांच्या पुढे होती. कप तिच्या हाताशी आला होता. पण मला झोप येईना ती कपामुळे नव्हे. त्या रस्त्याला अकरा वळणं आहेत आणि नवव्या वळणाला पलीकडे काहीच नाही, नुसती हवा. तिथे पिस्टन फुटला, तेल मागच्या चाकांखाली आलं, तर पुढचं मला डोक्यात येऊ द्यायचं नव्हतं. शिवाय एक बारीकशी गोष्ट मी पाहिली होती. चोविसाला पडद्यावरचा आकडा तेविसापेक्षा कणभरही वाढला नव्हता. ठिणगी पुढे गेली आणि ताकद वाढली नाही, तर ती गेली कुठे, हा प्रश्न मी इतर कुणाच्या गाडीत लगेच विचारला असता. इथे मी तो कानामागे टाकला.

बाटलीला सगळं श्रेय देऊन मी स्वतःची समजूत घातली. नवीन खोकं, नवीन माल, चांगला निघाला. पण रात्रभर कूस बदलताना मेहुणा आठवत राहिला, आणि तो मला मुळीच आठवायला नको होता.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. औषधाचं दुकान चालवतो. आयुष्यभर थेंब मोजण्यात गेलेला, शिंकताना आधी रुमालाची घडी उलगडणारा माणूस. चाळिसाव्या वर्षी काय अंगात आलं कोण जाणे, त्याने एक टर्बो गाडी घेतली आणि माझ्याकडे आणली. मी ती बूस्टरवर जुळवून दिली आणि बजावलं, दर टाकीला एक बाटली, एकदाही चुकवायची नाही. तीन महिन्यांनी भर रस्त्यात त्याचं इंजिन फुटलं. तिसरा पिस्टन. मी म्हटलं, तू बाटली चुकवलीस. तो म्हणाला, नाही चुकवली. मी म्हटलं, जुळवताना मी स्वतः ऐकलंय, इंजिन स्वच्छ होतं, म्हणजे चूक पेट्रोलची. बायकोच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, बारा माणसं जेवायला बसलेली असताना, हा पिशवीतून रिकाम्या बाटल्या घेऊन आला. अकरा. टाक्याही अकरा झाल्या होत्या. मी सगळ्यांसमोर म्हणालो, बाटल्या मोरीत ओतूनही रिकाम्या होतात.

त्याने पिशवी उचलली आणि तो गेला. त्याला आता आठ महिने झाले. बायकोने त्याला एकदाच फोन केला आणि सांगितलं की त्यांचे कान खोटं बोलणार नाहीत, तूच काय ते आठवून बघ. मी शेजारच्या खोलीतून ते ऐकलं होतं, आणि सांगायला लाज वाटते, पण माझी छाती फुगली होती.

शुक्रवारी सकाळी सातला मी वर्कशॉप उघडलं आणि गाडीचे प्लग काढले. चारही विटकरी रंगाचे. त्यात नवल नाही. हा बूस्टर प्लगवर असा तांबूस थर सोडतोच, आणि त्या थराखाली बाकीचं काही वाचता येत नाही. तिसऱ्या प्लगच्या मुळाशी चिनीमातीचा थोडा पांढरा भाग उरला होता. भिंग लावून बघितलं तर त्यावर मिरपुडीसारखे ठिपके होते, आणि त्यातले एकदोन उजेडात चमकत होते. हे ठिपके कशाचे असतात हे मी आजवर निदान वीस जणांना शिकवलंय. पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम उडून प्लगवर बसतं. पण त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की बूस्टरचीच घाण असेल. प्लग लावला. पुन्हा काढला. तिसरा प्लग मी त्या दिवशी पाच वेळा काढला आणि पाच वेळा लावला, आणि दर वेळी ठिपके तेवढेच होते.

त्यात कंप्रेसरने डोकं उठवलं. हवेची टाकी भरलेली, कुणी हवा वापरत नाही, तरी तो दर दहा मिनिटांनी आपला आपण सुरू व्हायचा. झडप बिघडली असणार म्हणून मी ती खोलली, पुसली, बसवली. पुन्हा तेच. मग मी कंप्रेसर बनवणाऱ्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. दुपारी शेजारचा सीटकव्हरवाला आला. त्याच्या स्टेपलरला हवा आमच्याच कंप्रेसरवरून जाते, त्यामुळे त्याला इथे हक्काने कपाळाला आठ्या घालता येतात. तो म्हणाला, "अहो, ती नळी सकाळपासून केवढी फुसफुसतेय. भिंतीपलीकडे माझे कान किटले, तुम्ही इथे बसता कसे?"

"कुठली नळी?" मी विचारलं.

त्याने माझ्या खांद्याजवळच्या सांध्याकडे बोट दाखवलं. मी तिथे तळहात धरला. गार हवेचा झोत हातावर आदळत होता. मी कान जवळ नेला. कानावरचे केस हलले. आवाज नव्हता.

सीटकव्हरवाल्याला वाटलं मी त्याची फिरकी घेतोय. तो हसून निघून गेला. मी सांध्याला टेप गुंडाळली, आवळली, पुन्हा हात धरला, झोत थांबला होता. कंप्रेसर त्यानंतर तासभर सुरू झाला नाही. मी स्टुलावर बसलो. मी घाबरलो होतो, सरळच सांगतो. माणसांचं बोलणं मला ऐकू येत होतं, फोन ऐकू येत होता, इंजिनाची घरघर पोटात जाणवेल इतकी ऐकू येत होती. गेलं होतं ते फक्त वरचं, बारीक, धारदार. आणि खड्यांचा आवाज नेमका तिथेच असतो.

घरी गेलो तर बसवेना. जेवताना दोनदा उठलो, गॅलरीत गेलो, परत आलो. बायको म्हणाली, पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या? मी म्हटलं, नवव्या वळणाचा विचार करतोय. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

शनिवारी सकाळपर्यंत मी एक तोडगा काढला, आणि तो भित्र्या माणसाचा तोडगा होता. लेक अकराला गाडी ट्रेलरवर चढवायला येणार होती. त्याआधी लॅपटॉप लावायचा, ठिणगी गुपचूप चार अंश मागे घ्यायची आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. ती चढावर जरा मंद जाईल, कप कदाचित हातचा जाईल, पण इंजिन वाचेल आणि माझी अब्रूही वाचेल. मी विसाचा आकडा टाकला. मग वाटलं, वीस पुरे का? मागच्या वर्षी बाविसाला ओरडलं होतं म्हणून मी वीस धरत होतो. पण मागच्या वर्षी तरी मला पूर्ण ऐकू येत होतं का? खरं ओरडणं अठराला सुरू झालं असेल आणि बाविसाला ते माझ्यापर्यंत पोचण्याइतकं मोठं झालं असेल. अठरा टाकले. सोळा टाकले. पुन्हा वीस. किती मागे यायचं हे सांगणारी एकच गोष्ट माझ्याजवळ होती, आणि तीच गेली होती. बंद केलेला सेन्सर चालू केला, तर त्याची हद्द मीच माझ्या कानांनी ठरवलेली. पोरीच्या जिवावर मी अंदाजपंचे आकडा टाकत होतो. अकरा वाजता ती आली तेव्हा मी सगळं होतं तसं परत चोविसावर आणून ठेवलं आणि तिला म्हटलं, "ट्रेलर राहू दे. आज तू ऐक, मी चालवतो."

"का?"

"शिकायला नको का कधीतरी?"

तिने भुवई वर केली. चार वर्षांत मी तिला त्या कानटोपाला हात लावू दिला नव्हता. पण तिने तो चढवला, केस मागे सारले आणि गाडीजवळ उभी राहिली. मी सीटवर बसलो. तिसरा गिअर, चौथा, आणि हळूहळू पाय दाबत गेलो. काटा चार हजारांवर गेला आणि तिने दोन्ही तळवे बॉनेटवर आपटले. मी पाय काढला.

"बाबा, हे काय होतं?"

"काय होतं?"

"खडे. डब्यात खडे टाकल्यासारखे. तू सांगतोस तस्सेच."

"आधी थोडे होते आणि मग वाढले, की एकदम आले?"

ती माझ्याकडे बघत राहिली. असा प्रश्न मी कधी कुणाला विचारला नव्हता. असल्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे असायची. तिने कानटोप काढला आणि माझ्या हातात दिला. मग मला सीटवरून उठवून ती स्वतः बसली. मी ऐकत उभा राहिलो. घरघर होती, पट्ट्याची सळसळ होती, रोलरांचा गडगडाट होता, आणि बाकी सगळं स्वच्छ, अगदी गाण्यासारखं. तिचा पाय दाबला जाताना मला दिसत होता. एकदा मनात आलं, उगाच हात वर करावा. अंदाजाने. जमलंही असतं. मी हात खिशात घातला.

तिने इंजिन बंद केलं. "आला?"

"नाही."

"मी मुद्दाम जास्त दाबला होता, बाबा."

"नाही आला."

तिने चावी काढून डॅशबोर्डवर ठेवली. कधीपासून, असं विचारलं. मी म्हटलं, काल कळलं. मग म्हटलं, दोन वर्षं असतील, मला माहीत नाही. जे ऐकूच आलं नाही त्याची तारीख कशी सांगू? माझा आवाज चढला होता. चूक माझी असली की माझा आवाज चढतो. ती मात्र ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"गुरुवारी मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "तू म्हणालास गातंय. त्या एका शब्दावर मी उद्या नवव्या वळणाला पाय पूर्ण दाबला असता."

तिने बारीक तारेचा कॅमेरा आणला, प्लग काढले आणि एकेका सिलिंडरमध्ये तो सोडून बघितला. पहिला ठीक, दुसरा ठीक. तिसऱ्या पिस्टनची कड पडद्यावर दिसली, ती उंदराने कुरतडलेल्या बिस्किटासारखी होती. आणखी एकदोन जोरदार चढ, आणि ती कड तुटून आत पडली असती. आता ठिणगी मागे घेऊनही उपयोग नव्हता. इंजिन खोलायलाच हवं होतं, आणि ते एका दिवसात होणारं काम नाही. लेकीने आयोजकांना फोन लावला आणि सांगितलं की गाडी येत नाही. पलीकडून कारण विचारलं असावं. ती म्हणाली, इंजिन. एवढंच. वडील म्हणाली नाही.

फोन ठेवून ती भिंतीकडे गेली. तिथे फळीवर मी एक फुटका पिस्टन ठेवला होता आणि त्याच्या खाली एका चिठ्ठीवर जाड अक्षरांत लिहिलं होतं: बाटली चुकवणाऱ्याची गत. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तो दाखवायचो आणि वर दोन टोमणे मारायचो. नाव घ्यायचो नाही, पण आमच्या ओळखीत सगळ्यांना तो कुणाचा ते माहीत होतं. तिने तो उचलला आणि कॅमेऱ्याच्या पडद्याशेजारी धरला. तीच कड, तीच जागा, तेच कुरतडणं.

"मामाने बाटल्या ओतल्या होत्या," ती म्हणाली.

तिने पिस्टन टेबलावर ठेवला, खालची चिठ्ठी काढून तिचे तुकडे केले आणि गाडीचे पट्टे एकेक करून सोडायला लागली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, राहू दे, मी करते. त्या आवाजात राग नव्हता. त्या आवाजात काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण तसा आवाज तिने पुन्हा माझ्याशी लावू नये एवढंच वाटतं.

संध्याकाळी मी बायकोला सांगितलं. सगळं, नळीपासून पिस्टनपर्यंत. शेवटी तिने एकच विचारलं, "म्हणजे तो खरं बोलत होता?"

"हो."

ती उठली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली.

रविवारी मी पहाटेपासून घरात येरझारा घालत होतो. लेकीची वेळ नऊ चाळीसची होती. ती स्वतः डोंगरावर गेली होती, बाकीच्यांच्या गाड्या बघायला. घरी बसवणार नाही म्हणाली, आणि मला चल म्हणाली नाही. साडेआठला बायको पर्स घेऊन दारात उभी राहिली. चला, म्हणाली. कुठे, ते मी विचारलं नाही. आदल्या संध्याकाळी वर्कशॉपमधून घरी आणलेला मेहुण्याचा पिस्टन मी कागदात गुंडाळला. दुकानासमोर गाडी लावली तेव्हा ती मात्र उतरेना. आधी तुम्ही जा, म्हणाली, मी कोणत्या तोंडाने येऊ?

दुकानात मेहुणा एकटाच होता. चष्मा नाकाच्या टोकावर, समोर एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या गोळ्या. मला पाहून त्याचा चेहरा हलला नाही. काय हवंय, असं त्याने गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं. मी कागद सोडला आणि पिस्टन काउंटरवर ठेवला.

"तुझं इंजिन मी फोडलं," मी म्हटलं. "तू अकराच्या अकरा बाटल्या ओतल्या होत्यास. तो आवाज मला ऐकूच येत नाही. माझे कान गेलेत."

म्हातारे गृहस्थ आमच्याकडे आलटूनपालटून बघायला लागले. मेहुण्याने आधी त्यांचं काम पुरं केलं. पाकिटावर सकाळ-संध्याकाळ लिहिलं, जेवणानंतर घ्यायच्या असं सांगितलं, त्यांना दारापर्यंत जाऊ दिलं. मग विचारलं, "पोरीची शेवटची फेरी होती ना आज?"

"धावत नाहीये ती. काल कळलं, वेळेवर."

"तिला काही झालं नाही?"

"नाही."

त्याने श्वास सोडला. आठ महिने मी ज्याला दारोदार खोटारडा ठरवलं, त्याचा पहिला प्रश्न हा होता. मी काउंटरची कड घट्ट धरून उभा राहिलो. त्याने पिस्टन हातात घेतला, फिरवून बघितला, कुरतडलेल्या कडेवर अंगठा फिरवला आणि खाली ठेवला. तो नेहमीच हळू बोलतो, पण त्याचा आवाज भारदस्त, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"इंजिन गेलं त्याचं मला काही नाही, भावोजी. तुम्ही चारचौघांत बोललात, तेही मी गिळलं असतं. तुमचा स्वभाव मला नवा नाही. पण ताईने मला लहानाचं मोठं केलंय. तिने एकदा तरी विचारायला हवं होतं, की तू ओतलीस का. तिने विचारलंच नाही. तिने तुमचे कान खरे धरले आणि मला सोडलं."

"ती बाहेर गाडीत बसलीय," मी म्हटलं. "तिला आत यायची लाज वाटतेय."

त्याने दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. मग काउंटरची फळी उचलली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि जाता जाता म्हणाला, दुकान बघा जरा. मी काउंटरमागे गेलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. काचेतून मला दिसलं की तो गाडीजवळ गेला आणि नुसता उभा राहिला. बायको आत मान खाली घालून. मग तो वळसा घालून पलीकडे गेला, माझ्या सीटवर बसला आणि त्याने दार ओढून घेतलं. तिचे खांदे हलताना दिसले. भिंतीवरच्या घड्याळात नऊ चाळीस झाले होते.

तेवढ्यात एक सातआठ वर्षांची मुलगी आत आली. काउंटर तिच्या हनुवटीला लागत होता. तिने माझ्याकडे वर बघून काहीतरी सांगितलं. तिचे ओठ हलले, एवढं मला कळलं. दोन वर्षं असल्या बारीक आवाजांना मी काय करत आलो होतो ते त्या क्षणी लख्ख दिसलं. मान डोलवायचो, हसायचो, हो हो म्हणायचो आणि पुढे जायचो.

मी काउंटरवर ओणवा झालो.

"बाळा, मला कमी ऐकू येतं," मी म्हटलं. "जरा मोठ्याने सांग."

तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिने टाचा उंचावल्या आणि आजीला खोकल्याचं औषध हवंय असं जोरात सांगितलं. ते कुठल्या कप्प्यात असतं हे मला माहीत नव्हतं, म्हणून आम्ही दोघं तिथेच वाट बघत उभे राहिलो.